थाळीवरचा ससा आणि तळातलं भोक

आज एका थाळीबद्दल बोलायचं आहे. ही थाळी अमेरिकेतली, सांता फे रेल्वेच्या 'सुपर चीफ' गाडीच्या भोजनडब्यातली. शिकागो ते लॉस एंजेलिस धावणारी ही गाडी 1936 साली सुरू झाली. तिच्यासाठी 'मिंब्रेनो' नावाचा चिनीमातीचा संच वास्तुरचनाकार मेरी कोल्टर यांनी आखला आणि सिराक्यूजच्या ऑनोंडागा पॉटरीने तो बनवला. आज संग्राहक त्यातल्या एकेका बशीच्या मागे असतात.

हॉटेलातली चिनीमाती जाडजूड. इतकी भाजलेली की टवका उडाला तरी आत पाणी मुरत नाही. नक्षी चकाकीच्या थराखाली, त्यामुळे सुरी-काट्याने खरवडली जात नाही. हलत्या गाडीत आपटणारी, दिवसातून अनेकदा धुतली जाणारी भांडी ही! या कारागिरीला माझा मनापासून नमस्कार.

पण नक्षी कुठली? न्यू मेक्सिकोतल्या मिंब्रेस लोकांची, साधारण हजार वर्षांपूर्वीची. ससे, मासे, पक्षी. रेषा अशी की बघत राहावं. ज्या वाडग्यांवर ती होती, त्यातले पुष्कळसे दफनांत सापडले: मृताच्या डोक्यावर पालथे ठेवलेले, तळाला मुद्दाम भोक पाडलेलं. आपल्याकडे स्मशानात मडक्याला पाडतात ते भोक तुम्हाला आठवलं असेल. आठवू द्या, पण दोन्हींचा अर्थ एकच, असं लगेच म्हणू नका.

कोल्टरबाईंनी भोक गाळलं. गाळणारच, सूप कशात वाढणार? मूळचा काळा रंग त्यांनी तांबूस केला, तोही शोभतो. नक्षी उचलणं म्हणजे चोरी, असं मी मानत नाही. परंपरा उचलाउचलीनेच चालतात. (हायडेगरची सुरई आज मी मध्ये आणत नाही, निर्धास्त राहा.) माझी तक्रार बशीच्या पाठीबद्दल आहे. अनेक नगांच्या पाठीवर शिक्का आहे, 'खास सांता फे भोजनडबा सेवेसाठी बनवलेले' अशा अर्थाचा. मालक कळतो. तो ससा कुणाच्या थडग्यातून ताटात आला, ते जेवणाऱ्याला कळत नाही.

आणि बाजाराचं बघा. रेल्वेच्या बशीला टवका गेला की किंमत पडते, ते एक वेळ ठीक. पण थडगी उकरून आणलेल्या मूळ वाडग्यांचीही तीच गत झाली. विकायला सोयीचं म्हणून त्यातल्या कित्येकांचं भोक बुजवून, वर रेषा ओढून, सशाचं पोट पूर्ण करण्यात आलं. याला 'दुरुस्ती' म्हणतात. मोडलं होतं काय?