टेनरचा गळा आणि नकाराची किंमत

ऑपेरातल्या टेनरची थोरवी मोजायची वेळ आली की चर्चा हटकून ‘हाय सी’ या एका स्वरापाशी येऊन थांबते. याला इतिहासही तसाच आहे. १८३७ साली पॅरिसच्या ऑपेरात जिल्बेर ड्युप्रे याने रोसिनीच्या ‘गिय्योम तेल’मध्ये हा स्वर छातीच्या भरदार आवाजात लावला. तोवर आदोल्फ नूरीसारखे गायक वरच्या स्वरांना हलक्या आवाजाने स्पर्श करून जात. रोसिनीला ही नवी पद्धत मुळीच रुचली नाही, पण श्रोत्यांनी ती डोक्यावर घेतली. नूरी पॅरिस सोडून इटलीत नव्याने शिकायला गेला आणि १८३९ साली नेपल्समध्ये त्याची शोकान्त अखेर झाली. ड्युप्रेचा आवाजही पुढच्या काही वर्षांतच थकू लागला. तेव्हापासून टेनरपुढचा पेच फारसा बदललेला नाही. श्रोते टाळी देतात ती जोखमीला, आणि गळा टिकतो तो संयमाने. म्हणून टेनरची कारकीर्द पारखताना त्याने कोणत्या भूमिका गायल्या याच्या बरोबरीने त्याने कोणत्या नाकारल्या याचाही हिशेब मांडायला हवा. आजच्या समीक्षेतून हा हिशेब जवळजवळ गळून गेला आहे.

हा संयम का लागतो, याचे उत्तर गळ्याच्या घडणीत आहे. पुरुषाचा भरलेला आवाज आपोआप इतका वर चढत नाही. मध्य आणि तार यांच्या सांध्यावर, ज्याला इटालियन गुरू ‘पसाज्यो’ म्हणतात, तिथे स्वराचे वळण बदलावे लागते. तिथे नुसता जोर लावणारा गायक काही वर्षे खपून जातो, मग अडतो. ऑपेरागृहात ध्वनिक्षेपक नसतो. सत्तर-ऐंशी वादकांच्या वाद्यवृंदापलीकडे आवाज पोहोचवायचा असतो. तो पोहोचतो याचे कारण कमावलेल्या आवाजात सुमारे ३००० हर्ट्झच्या आसपास एक तेजस्वी पट्टा तयार होतो आणि वाद्यवृंदाचा जोर त्या भागात कमी असतो. म्हणजे इथे काम करतो तो घुमारा. आरडाओरडा इथे निरुपयोगी. पण न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनसारख्या सुमारे ३८०० आसनांच्या प्रेक्षागृहात, जड वाद्यमेळाच्या भूमिकेत, हे भान सुटणे फार सोपे असते.

दोन कारकिर्दी शेजारी ठेवल्या तर हे स्पष्ट दिसते. जुझेप्पे दी स्तेफानोने १९४६ साली रंगमंचावर पाऊल ठेवले, तेव्हा त्याच्याइतका लोभस आवाज इटलीत क्वचितच होता. सुरुवातीच्या दिवसांत मेट्रोपॉलिटनहून नभोवाणीवर प्रसारित झालेल्या ‘फाउस्ट’मध्ये हाय सी पूर्ण ताकदीने लावून तो अलगद विरवत नेण्याची त्याची करामत आजही रसिक काढून ऐकतात. पण १९५०च्या दशकात तो अधिकाधिक जड भूमिकांकडे वळला, ‘तुरांदोत’मधल्या कालाफपर्यंत पोहोचला. वरचे स्वर उघडे टाकण्याची त्याची सवय या भूमिकांत महागात पडली आणि चाळिशीच्या उंबरठ्यावर आवाज उतरू लागला. त्याच्याहून सहा वर्षांनी लहान असलेला आल्फ्रेदो क्राउस १९५६ साली कैरोत ‘रिगोलेत्तो’चा ड्यूक म्हणून उभा राहिला. बेलिनी, दोनिझेत्ती, मास्ने, गुनो एवढ्याच परिघात त्याने मुख्यतः संचार केला. पुच्चिनीपासून तो बहुतांशी दूर राहिला. साठी उलटल्यावरही त्याचा ‘वेर्थर’ ऐकण्यासारखा होता. निसर्गाने दी स्तेफानोला काकणभर अधिकच दिले होते. ते राखण्याची विद्या क्राउसकडे होती.

यावर आक्षेप उभा राहतो तो असा, की हा संयम नसून भित्रेपणा आहे. सगळेच क्राउस झाले तर वेर्दीचा ‘ओतेल्लो’ गायचा कोणी? आक्षेपात तथ्य आहे. प्लासिदो दोमिंगोने १९७५ साली हाम्बुर्गमध्ये ओतेल्लो प्रथम साकारला आणि पुढे ती भूमिका दोनशेहून अधिक वेळा गायली. त्याचा आवाज मोडला नाही. पण यातून संयमाचा मुद्दा खोडला जात नाही, नेमका होतो. नकार जड भूमिकेला द्यायचा नसतो, आपल्या गळ्याला न पेलणाऱ्या भूमिकेला द्यायचा असतो. दोमिंगोचा आवाज मुळात गडद, खालच्या अंगाने भरलेला. लुचानो पावरोत्तीला आपल्या उजळ आवाजाची मर्यादा ठाऊक होती. ओतेल्लोचा मोह त्यालाही झाला, पण ती भूमिका त्याने १९९१ साली गेओर्ग शोल्टीच्या संचालनाखाली मैफलीच्या स्वरूपातच गायली. वेशभूषेसह रंगमंचावर ती कधी उभी केली नाही.

मैफलीचे मोल इथे कळते. नेपथ्य नाही, तलवार नाही, आणि गीतांच्या मैफलीत तर साथीला एक पियानोच. अशा वेळी शब्द आणि स्वर यांखेरीज लपायला जागा उरत नाही. फ्रिट्झ वुंडरलिखला जेमतेम अकरा वर्षांची कारकीर्द लाभली. १९६६ साली छत्तिसावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना जिन्यावरून पडून तो गेला. त्यामुळे आवाज टिकवण्याचा दाखला म्हणून त्याचे नाव घेता येणार नाही. मात्र पियानोवादक ह्युबर्ट गीझेनच्या साथीने त्याने शूमानच्या ‘डिख्टरलीबे’वर घेतलेली मेहनत आणि मोत्झार्टच्या टामिनोतला त्याचा सहज उच्चार एकाच मुशीतले आहेत, हे ध्वनिमुद्रणांवरून कळते. योनास काउफमाननेही शूबर्टची ‘विंटररायझे’ जवळ ठेवली आणि ओतेल्लोला हात घातला तो थेट २०१७ साली, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

मैफलीचा दुसरा अर्थ रूढ झाला तो ७ जुलै १९९० रोजी. विश्वचषक फुटबॉलच्या अंतिम सामन्याच्या आदल्या रात्री रोममधल्या काराकाल्लाच्या भग्नावशेषांत पावरोत्ती, दोमिंगो आणि होसे कारेरास एकत्र गायले. संचालक होते मुंबईचे झुबिन मेहता. त्या रात्रीने लाखो नवे श्रोते मिळवून दिले, असे समर्थक सांगतात, आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. रक्ताच्या कर्करोगातून उठलेल्या कारेरासचे तिथे असणे हीही मोठी गोष्ट होती. तक्रार त्या रात्रीबद्दल नाही, तिच्या नकलांबद्दल आहे. ध्वनिक्षेपकासमोर हलका आणि जड आवाज सारखाच मोठा ऐकू येतो, आणि पेलण्या-न पेलण्याचा प्रश्नच मिटतो. तीच आठ-दहा गाजलेली गाणी मैदानोमैदानी फिरू लागली की तरुण गायकालाही वाटते, ‘नेस्सुन दोर्मा’चा शेवट जमला म्हणजे टेनर झालो.

यात गायकापेक्षा व्यवस्थापक, मुद्रण कंपन्या आणि समीक्षक अधिक जबाबदार आहेत. पंचविशीतल्या गायकाने एखादी भूमिका परत केली तर ती बातमी होत नाही. स्वीकारली तर होते. समीक्षकाने निदान एवढे करावे: नव्या टेनरबद्दल लिहिताना हाय सीबरोबर त्याच्या मधल्या स्वरांची प्रत, हळू आवाजातले गाणे आणि पुढच्या पाच वर्षांतल्या भूमिकांची निवड यांचीही नोंद घ्यावी. आणि श्रोत्याने टेनर ऐकताना शेवटच्या स्वरापर्यंत टाळी राखून ठेवू नये. तिचा खरा हक्क बहुधा त्याआधीच्या ओळीला असतो.