शिवराईवरील चरे : ठशाचे कोणते, मागाहूनचे कोणते ?

सातारा व सांगलीकडील संग्रहांत शिवराया विपुल आहेत. त्यांचीं वर्णनें मात्र फार तोकडीं. बहुतेक याद्यांत ‘झिजलेली’ किंवा ‘खरवडलेली’ एवढा शेरा मारून संग्राहक पुढें जातात. १७०८ मध्यें साताऱ्यास शाहू छत्रपति गादीवर बसल्यानंतरहि पुष्कळ शिवरायांवर ‘श्री राजा शिव’ हींच अक्षरें राहिलीं, आणि त्यांवर सन नाहीं. अशा नाण्याचा काल ठरवितांना ठशाच्या बारीकसारीक खुणांखेरीज फारसा आधार नसतो. त्या खुणा ‘खरवड’ म्हणून उडवून देणें परवडणारें नाहीं.

शिवराई हातानें ठोकलेली. ठसा चकतीहून मोठा, त्यामुळें कडेचें अक्षर पुष्कळदां तुटकें दिसतें. ती झीज नव्हे. तें अक्षर चकतीवर उतरलेंच नव्हतें.

ठशावर चरा पडला तर नाण्यावर तो उंच रेघ होऊन उमटतो. नाण्यावर मागाहून पडलेला चरा खोल असतो. पोथ्या चाळणारांस हा भेद नवा नाहीं. मूळ प्रतींतील लेखकप्रमाद तिच्यावरून उतरलेल्या प्रतींत येतो. कसरीचें भोंक ज्या त्या प्रतीचें. दोन शिवरायांवर एकाच जागीं तीच उंच रेघ असेल, तर त्या एकाच ठशाच्या समजाव्या. उलट, ओळींमधील खोल चरा पाहून नाण्यास ‘दुदांडी’ म्हणणें हा उतावळेपणा होय. दुदांडीच्या दोन्ही दांड्या अक्षरांप्रमाणेंच उंच असतात.

खोल चऱ्याचेंहि वय पाहावें. त्याच्या तळाशीं भोंवतालचाच काळसर वा हिरवट थर असेल तर तो जुना. तळ लालसर चकाकत असेल तर घाव अलीकडचा. केसासारखे समांतर चरे बहुधा राख किंवा विटकरीची भुकटी लावून घासल्याचे. चिंचेनें तर थरच विरघळतो, मग जुनें-नवें सांगणार कशावरून ? नाणें लखलखीत करून दाखविण्याची ही हौस कसरीहून वाईट !

चांदीच्या रुपयावरील बारीक टाक्या निराळ्या. त्या सराफांनीं पारख करतांना मारलेल्या. त्यांस व्यंग न म्हणतां कोठें, किती, कोणत्या आकाराच्या हें नोंदवावें. अंकुशी रुपयावरील अंकुश मात्र ठशांतलाच. दागिन्यांतून सोडविलेल्या नाण्यावर कडीच्या डाकाचा डाग कांठाशीं राहतो; तो तासून काढूं नये.