साताऱ्याचा वेढा आणि काझीचे दोन निकाल

पीएच.डी.चा आराखडा लिहायला बसलेल्यांचे मेसेज बऱ्याच दिवसांपासून येतायत. बहुतेकांची अडचण एकच आहे: विषय सापडलाय, पण प्रश्न सापडत नाहीये. आज त्यावरच बोलू, पण एका उदाहरणाच्या आधाराने. उदाहरण साताऱ्याचं आहे आणि माझ्याच एका चुकीपासून सुरू होतं.

माझ्या पहिल्या आराखड्यात एक वाक्य होतं. जुलमी सत्तेविरुद्ध लोक उठले, तेव्हा मुस्लिम धर्मपंडित सत्तेच्या बाजूने उभे राहिले, असं काहीतरी. वाक्य मला फार आवडलं होतं. समितीतल्या एका सरांनी तीन प्रश्न विचारले. कोणते पंडित? कोणत्या साली? आणि सत्तेच्या बाजूने उभे राहण्याआधी ते काय म्हणाले होते? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं मी कशीबशी दिली. तिसऱ्याला गप्प बसले. आजचा लेख त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

आधी प्रसंग समजून घ्या. १६८९ मध्ये संभाजी महाराजांची हत्या झाली आणि राजाराम महाराज जिंजीला गेले. पुढची कित्येक वर्षं मराठ्यांचं युद्ध भक्कम राजधानी किंवा भरलेला खजिना नसताना चालू राहिलं. म्हणूनच आपल्याकडचे अनेक इतिहासकार त्याला लोकांचं युद्ध म्हणतात. ऑक्टोबर १६९९ मध्ये औरंगजेब भीमेकाठच्या इस्लामपुरीच्या छावणीतून निघाला. (इथेच थांबा. ही इस्लामपुरी म्हणजे माचणूरजवळची ब्रह्मपुरी, सांगली जिल्ह्यातलं इस्लामपूर नव्हे. ही गल्लत मी छापील लेखातही पाहिलीय.) कऱ्हाडजवळचा वसंतगड घेऊन डिसेंबरमध्ये त्याने साताऱ्याला वेढा घातला. वेढा चालू असतानाच मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले आणि २१ एप्रिलला सातारचा किल्ला मुघलांच्या हाती गेला.

या वेढ्यातली एक हकिकत ‘अहकाम-इ-आलमगिरी’ या फारसी संग्रहात आहे. जदुनाथ सरकारांनी १९१२ मध्ये ती इंग्रजीत आणली. हकिकत अशी. रमजानचा महिना होता. किल्ल्यातून बाहेर पडून हल्ला करणाऱ्या तुकडीतले तेरा जण पकडले गेले. त्यात नऊ हिंदू होते आणि चार मुसलमान. त्यांचं काय करायचं, हे मुफ्तींच्या मदतीने ठरवायला बादशहाने काझी मुहम्मद अक्रम यांना सांगितलं. काझीने निकाल दिला: हिंदू कैद्यांनी इस्लाम स्वीकारला तर त्यांना सोडावं आणि मुसलमान कैद्यांना तीन वर्षं कैदेत ठेवावं. बादशहाने त्याच कागदावर शेरा मारला. त्याचा आशय असा की, हा निकाल हनफी मताप्रमाणे झाला. सुन्नी पंथात चार मतं आहेत, तेव्हा राज्यावरची पकड सुटणार नाही असा दुसरा मार्ग काढा. मग दुसरा निकाल आला. ‘फतावा-इ-आलमगिरी’च्या आधारे सगळ्यांना जरब बसेल अशी, म्हणजे देहदंडाची शिक्षा. बंडखोरांची शिरं बघितल्याशिवाय आज रोजा सोडणार नाही, असं बादशहाने कळवलं. सूर्यास्ताच्या सुमाराला शिरं त्याच्यासमोर आणली गेली.

आता ही हकिकत आपल्याकडे कशी वापरली जाते ते पाहू. एका बाजूचे लेखक ती धर्मवेडाचा पुरावा म्हणून देतात. दुसऱ्या बाजूचे लेखक म्हणतात, बघा, मुसलमान कैद्यांनाही मारलं, म्हणजे औरंगजेबाला धर्माशी नव्हे, राज्याशी मतलब होता. दोघंही एकमेकांना खोडून काढल्याच्या आनंदात असतात. पण दोघांच्याही वाचनातून एक माणूस गळतो, तो म्हणजे काझी. पहिल्या वाचनात तो बादशहाचा हात आहे, दुसऱ्यात बादशहाची सही. त्याने एकाच प्रकरणात दोन वेगळे निकाल दिले, याकडे कुणी थांबून बघत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे: धर्मपंडित सत्तेच्या बाजूने होता की लोकांच्या, हा प्रश्नच कच्चा आहे. खरा पुरावा पहिल्या आणि दुसऱ्या निकालाच्या मधल्या जागेत आहे. त्या जागेत पाहिलं की तीन गोष्टी दिसतात.

पहिली गोष्ट. बंडखोरांविषयीचा इस्लामी कायदा आपण समजतो तितका एकमार्गी नाही. मावर्दी, गझाली यांच्यासारखे पंडित अराजकाच्या भीतीने वाईट राजाचीही आज्ञा पाळायला सांगतात, हे खरं आहे. पण त्याच परंपरेत, काही एक भूमिका घेऊन उठलेल्या मुसलमान बंडखोराला साध्या दरोडेखोरासारखं वागवू नये, असंही सांगितलेलं आहे. खालेद अबू एल फदल यांचं २००१ मध्ये आलेलं इस्लामी कायद्यातल्या बंडावरचं पुस्तक मुळातून वाचा. पंडितांनी बंडाला सरसकट परवानगी दिली नाही, पण बंड मोडणाऱ्या राजाचे हात मात्र नियमांनी बांधायचा प्रयत्न केला, हे त्यात तपशिलात दिसतं. आणि ज्या हनफी मताचा इथे उल्लेख आहे, त्याचे प्रवर्तक इमाम अबू हनीफा यांनी खलिफा मन्सूरने देऊ केलेलं काझीपद नाकारलं आणि ७६७ मध्ये ते कैदेत वारले, असं परंपरा सांगते. म्हणजे अक्रम ज्या मताचे काझी होते, त्या मताची सुरुवातच काझी व्हायला नकार देणाऱ्यापासून होते.

दुसरी गोष्ट जरा बारीक आहे. बादशहा म्हणतो, हनफी मत सोडून दुसरीकडे बघा. मग आपली अपेक्षा असते की दुसरा निकाल शाफई किंवा मालिकी ग्रंथावर बेतलेला असेल. पण आधार कोणता दिला जातो? ‘फतावा-इ-आलमगिरी’. हा ग्रंथ स्वतःच हनफी मताचा संग्रह आहे. बऱ्हाणपूरच्या शेख निजाम यांच्या देखरेखीखाली, याच बादशहाच्या हुकमाने आणि खर्चाने तो तयार झाला होता. म्हणजे काझीने मत बदललंच नाही. त्याच मतातला, बादशहाच्या नावाचा ग्रंथ उघडून त्याने हवं ते कलम शोधलं. ही शरणागती आहे, की शरणागतीची लेखी नोंद, की नुसती घाई? मी अजून ठरवलेलं नाही. पण ‘काझी बादशहाच्या बाजूने होता’ या वाक्यात यातलं काहीच मावत नाही, एवढं नक्की.

तिसरी गोष्ट, काझीला नायक करू नका. त्याचा पहिला निकालसुद्धा नऊ हिंदू कैद्यांना धर्म बदलण्याच्या अटीवर जीव देतो. ज्याने ती अट मानली नसती त्याचं काय, हे हकिकतीत येत नाही. दुसऱ्या निकालापेक्षा पहिला सौम्य होता, म्हणून तो न्याय्य होता असं होत नाही. आणि ज्यांच्यासाठी एवढा कायदा उघडला गेला, त्या तेरा जणांपैकी एकाचंही नाव त्या हकिकतीत नाही. ते चार मुसलमान साताऱ्याच्या किल्ल्यात कुणासाठी लढत होते, हे त्यांना कुणी विचारल्याचीही नोंद नाही.

आता तुमच्यातला कुणीतरी विचारेलच, की ही हकिकत खरी कशावरून? बरोबर आहे. ‘अहकाम’ हा संग्रह हमीदुद्दीन खानाच्या नावावर सांगितला जातो, पण त्या कर्तृत्वाबद्दल आणि त्यातल्या गोष्टींच्या विश्वासार्हतेबद्दल अभ्यासकांनी शंका घेतल्या आहेत. मग करायचं काय? जे पडताळता येतं ते पडताळायचं. हिजरी ११११ चा रमजान साधारण २० फेब्रुवारी ते २१ मार्च १७०० असा येतो, आणि तेव्हा वेढा चालू होता. तारीख जुळते. पण तारीख जुळली म्हणजे गोष्ट घडली असं नव्हे. चांगली रचलेली गोष्टही तारखेला धरून असते. म्हणून मी या हकिकतीवरून ‘असं घडलं’ असं लिहीत नाही. बादशहाला नको असलेला निकाल काझी आधी देऊ शकतो आणि मग तो बदलतो, हे त्या काळच्या वाचकाला पटण्यासारखं होतं, एवढंच मी म्हणते. दावा लहान आहे, पण तो उभा राहतो.

शिवाय तो एकटा उभा नाही. त्याच दरबारातले आणखी तीन काझी शेजारी ठेवा.

शाहजहान जिवंत असताना मुलाच्या नावाने खुतबा वाचायला तेव्हाच्या मुख्य काझीने नकार दिला. गुजरातच्या अब्दुल वहाबने कायद्यातून वाट काढून दिली आणि तोच मुख्य काझी झाला. पुढे त्याचाच मुलगा शेख-उल-इस्लाम त्या जागेवर आला. त्याने बापाच्या अफाट संपत्तीतला वाटा घेतला नाही, असं सांगतात. विजापूर आणि गोवळकोंडा या मुसलमान राज्यांवर स्वारी करणं कायदेशीर आहे का, असं बादशहाने विचारलं, तेव्हा त्याने बादशहाला नको असलेलं उत्तर दिलं. पुढे पद सोडून तो मक्केला गेला. हे आपल्यापासून लांबचं नाही. ज्या विजापूरच्या राज्याबद्दल हा प्रश्न होता, त्यात मिरज होतं, जत होतं. विजापूरच्या वेढ्यात तिथल्या पंडितांनीही औरंगजेबाच्या छावणीत जाऊन हाच सवाल केल्याचं सांगितलं जातं. आणि चौथा, काझी हैदर. तो आधी शिवाजी महाराजांचा फारसी चिटणीस होता. पुढे मुघलांकडे गेला आणि औरंगजेबाच्या अखेरच्या काळात मुख्य काझीच्या पदापर्यंत पोचला.

चार माणसं, एकच कायदा आणि चार वेगळे रस्ते. एकाने कायदा वाकवून पद मिळवलं, एकाने नकार देऊन पद सोडलं, एकाने आधी एक निकाल दिला आणि मग दुसरा, एकाने चाकरी बदलली. आता यांना ‘दरबारी उलेमा’ या एका खान्यात टाकून बघा. जमतंय का?

इथे आपल्या अभ्यासातला एक पक्षपातही दाखवून देते, कारण तो मी स्वतः केलाय. म्हसवडच्या नागोजी मान्याने संताजी घोरपड्यांना मारलं, जतचे डफळे मुघलांच्या चाकरीत होते, हे लिहिताना आपण सहज म्हणतो, ‘वतनासाठी’. काझी मुघलांच्या चाकरीत दिसला की मात्र आपली लेखणी लिहिते, ‘धर्मासाठी’. का बरं? काझीपणही वतनच होतं. गावचा मुलाणा बलुतेदार होता. राज्य बदललं की सनद नव्याने करून घ्यायची चिंता देशमुखाला होती तशी काझीलाही होती. शाहू महाराजांच्या काळात सातारा राजधानी झाल्यावरही काझींची वतनं चालत राहिली. एकाच्या वागण्याचं कारण पोट आणि दुसऱ्याच्या वागण्याचं कारण श्रद्धा, असं पुरावा बघण्याआधीच ठरवलं, तर त्याला संशोधन म्हणत नाहीत. उलटही तपासा: देशमुखाला श्रद्धा नव्हती आणि काझीला पोट नव्हतं, असं कुठे लिहून ठेवलंय?

तुम्ही म्हणाल, तीनशे वर्षांपूर्वीच्या काझीबद्दल एवढा काथ्याकूट कशाला? कारण आपण राहतो तिथे या गोष्टी जुन्या होत नाहीत. २००९ मध्ये मिरजेत अफजलखान वधाच्या चित्राच्या कमानीवरून दंगल पेटली. २०२३ मध्ये खटाव तालुक्यातल्या पुसेसावळीत सोशल मीडियावरच्या पोस्टवरून हिंसा झाली आणि एका माणसाचा जीव गेला. आपल्या शोधनिबंधातलं एक ढिलं वाक्य कापून पोस्ट करायला अर्धा मिनिट लागतो. माझ्या आराखड्यातलं ते आवडतं वाक्य कुणीही तसंच्या तसं उचलू शकलं असतं, आणि त्याच्या बचावासाठी माझ्याकडे एकही नाव किंवा तारीख नव्हती. पंडितांनी काय भूमिका घेतली हे विचारण्याआधी, आपण काय लिहितोय त्याची जबाबदारी घ्यायला शिकलं पाहिजे.

तर आराखडा लिहिताना या विषयापुरते तीन प्रश्न शेजारी ठेवा. पंडिताचा पहिला शब्द कोणता होता, आणि तो बदलला तर कुणाच्या शेऱ्यानंतर? नकार दिला असता तर त्याचं काय गेलं असतं: पद, वतन, की मान? आणि ज्यांच्याबद्दल निकाल झाला, त्यांचा आवाज कागदात कुठे आहे?

माझ्या वाक्याचं पुढे काय झालं? ते मी काढून टाकलं. त्या जागी आता एक प्रश्न आहे, दीड ओळीचा. सरांनी तो वाचला, मान हलवली आणि म्हणाले, “आता कामाला लागा.”