दिवसाउजेडी फ्लॅश

स्वीडनमधला वसंत फोनवर शोधला की स्टॉकहोमच्या कुंग्सट्रेडगोर्डन बागेतली गुलाबी चेरीच समोर येते. उपनगरातला वसंत वेगळा असतो. बर्फ वितळतो आणि हिवाळाभर पाय घसरू नये म्हणून टाकलेली खडी रस्त्यावर उघडी पडते. मग ती झाडायला गाड्या येतात. याचे फोटो कोण काढणार?

असल्या साध्या गोष्टी बघणारा फोटोग्राफर म्हणजे लार्श टुनब्यॉर्क (१९५६–२०१५). कापडगिरण्यांच्या बोरोस गावचा. १९९३च्या ‘लांडेट उटॉम सेय’, म्हणजे ‘भान हरपलेला देश’, या पुस्तकाने तो गाजला. भडक रंग, दुकानं, सुट्टीवरची माणसं. मला ते पुस्तक जरा कुत्सित वाटतं. माणूस विचित्र दिसेल तो क्षण पकडायचा आणि आपण शहाणे म्हणून हसायचं, हे मीमवाल्यांनाही जमतं.

‘हेम’, म्हणजे ‘घर’, मी मात्र पुन्हा पुन्हा उघडतो. नीट कापलेली कुंपणं, घरं, हिरवळ. माणसं जवळपास नाहीतच. त्यामुळे हसायचं कुणाला? दिवसाउजेडी मारलेल्या फ्लॅशने सावल्या पुसल्या जातात आणि झुडपाचं पानन्‌पान सारख्याच मोलाचं होतं. फोनमधलं सॉफ्टवेअरही सावल्या उजळतं, पण फोटो सगळ्यांना आवडावा म्हणून. टुनब्यॉर्कला तुमची आवड नकोच आहे. ही हिरवळ कुणीतरी नेमाने कापतं, एवढंच तो दाखवतो, आणि मला त्या न दिसणाऱ्या माणसाची काळजी वाटायला लागते.