एकाच डुकराची दोन हॅम: १८९७च्या एका पेपरबद्दल

रिसर्चला येणाऱ्यांनी व्हॅन एरमेंगेम यांचा बोट्युलिझमवरचा पेपर जरूर वाचावा. डिसेंबर १८९५. बेल्जियममधल्या एलेझेल गावात अंत्ययात्रेत वाजवायला आलेल्या वादकांनी खारवलेलं हॅम खाल्लं, तिघे दगावले. हॅममध्ये जंतू सापडला, पण मला भावतो तो दुसराच पुरावा. त्याच डुकराचं दुसरं हॅम खाऊन कुणालाच काही झालं नाही. का? विषारी हॅम पिंपाच्या तळाशी मिठाच्या पाण्यात बुडालेलं, म्हणजे हवेविना. दुसरं त्याच्यावर, पाण्याबाहेर. आयता कंट्रोल! तो ओळखला, हीच या पेपरची ताकद.

मर्यादा? सगळा अभ्यास एकाच हॅममधल्या जंतूवर. त्याचे बीजाणू ८० अंश सेल्सिअसला तासाभरात मेले. यावरून ‘उकळलं की झालं’ असं मानाल तर फसाल. उकळल्याने तयार विष नष्ट होतं, पण या जंतूच्या काही प्रकारांचे बीजाणू १०० अंशांनाही तासन्‌तास तग धरतात. म्हणूनच आंबट नसलेले पदार्थ डबाबंद करताना प्रेशरखाली १२१ अंश, सुमारे ३ मिनिटं, तेही डब्याच्या मध्यापर्यंत पोचावे लागतात.

स्ट्रेन एक, तर दावाही तेवढ्यापुरताच. थिसिस लिहिताना हे विसरू नका; इथे चूक झाली तर माणसं मरतात.