विल्यम मॉरिसच्या अद्भुतकथा

लेखकाने आपले पुस्तक आपणच प्रसिद्ध करावे, यात आता नवल राहिलेले नाही. अक्षरजुळणी घरच्या घरी होते, मागणीप्रमाणे एकेक प्रतही छापून मिळते, आणि कागदावाचूनही ग्रंथ वाचकाच्या हाती जातो. या सोयीचा लाभ घेणाऱ्यांत अद्भुतकथा लिहिणाऱ्यांचा भरणा मोठा आहे. संपादकाची कात्री नाही, प्रकाशकाची मर्जी सांभाळणे नाही. लेखक आणि वाचक यांच्यामध्ये तिसरा कोणी उभाच नाही. हे स्वातंत्र्य वाङ्मयास पोषक की मारक, असा प्रश्न साहजिकच उत्पन्न होतो. त्याचा निकाल नुसत्या तर्काने लावण्यापेक्षा, ज्या थोर लेखकाने हे स्वातंत्र्य पुरतेपणी उपभोगले त्याचे वाचन व लेखन तपासून पाहणे अधिक श्रेयस्कर होय. असा लेखक म्हणजे इंग्रज कवी विल्यम मॉरिस. त्याने आयुष्याच्या अखेरच्या काळात अद्भुतकथा लिहिल्या आणि त्या आपल्याच छापखान्यात, आपणच काढलेल्या अक्षरांनी छापल्या.

मॉरिसचा जन्म १८३४ सालचा. आमच्याकडील सुशिक्षितांस तो 'अर्थली पॅरडाइज' या दीर्घ काव्याचा कर्ता म्हणून, समाजवादी वक्ता म्हणून, किंवा भिंतींवर चिकटविण्याच्या नक्षीदार कागदांचा कारागीर म्हणून थोडाबहुत माहीत असतो. त्याच्या गद्य अद्भुतकथांची मात्र बहुधा एका वाक्यात बोळवण होते. हा अन्याय आहे. कारण या माणसाचे वाचन, त्याची कारागिरी आणि त्याची स्वप्ने ही तिन्ही जर कोठे एकत्र मिळाली असतील, तर ती या कथांतच.

प्रथम वाचनाचा विचार करू. स्कॉटच्या कादंबऱ्या त्याने अगदी बालवयात वाचून टाकल्या, आणि लहानसे चिलखत घालून तट्टावर बसून एपिंगच्या अरण्यात तो हिंडत असे. ऑक्सफर्डच्या एक्झिटर कॉलेजात त्याची चित्रकार बर्न-जोन्स याच्याशी गाठ पडली, ती जन्माची. बर्न-जोन्सला एका दुकानात मॅलरीच्या आर्थरकथांची प्रत दिसली होती. ती घेण्याइतके पैसे त्याच्यापाशी नव्हते, ते मॉरिसने भरले. याच सुमारास रस्किनचे गॉथिक शिल्पावरील प्रकरण त्याच्या वाचनात आले. ज्या कामात करणाऱ्याला आनंद नाही ते काम सुंदर होत नाही, हा त्यातील सिद्धान्त त्याने जन्मभर उराशी बाळगला आणि पुढे १८९२ साली ते प्रकरण स्वतःच्या छापखान्यातून स्वतंत्र पुस्तकरूपाने काढले.

मॉरिसच्या वाचनाचे खरे स्वरूप त्याने स्वतःच एकदा सांगून ठेवले आहे. १८८६ साली 'पॉल मॉल गॅझेट' या पत्राने नामांकित लोकांस उत्कृष्ट ग्रंथांच्या याद्या मागितल्या. मॉरिसने आपली यादी पाठविली. तिच्या अग्रभागी होमर, आइसलंडचा 'एड्डा', 'बेओवुल्फ', फिनलंडचे 'कालेवाला' व इराणचा 'शाहनामा' यांच्या पंक्तीस आपले महाभारतही बसविलेले आहे. हे ग्रंथ एकट्यादुकट्या कवीच्या बुद्धीतून निघालेले नसून लोकांच्या अंतःकरणातून वाढलेले आहेत, म्हणून त्यांस तो धर्मग्रंथांची योग्यता देतो. अरबी रात्रींच्या कथाही यादीत आहेत. मिल्टन मात्र नाही. ज्या इंग्लंडातील प्रत्येक शाळामास्तर मिल्टनपुढे हात जोडीत होता, त्या देशात हे धाडसच म्हटले पाहिजे. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. मॉरिस कथा वाचीत असे ती कर्त्याचे वैशिष्ट्य पाहण्यासाठी नव्हे. पुष्कळांच्या तोंडून घोळून आलेली गोष्ट त्याला हवी होती. आमच्याकडे कीर्तनात किंवा आजीच्या मांडीवर महाभारत ऐकलेल्या माणसाला ही भूक समजावून सांगण्याची गरज नाही.

हे वाचन त्याने आरामखुर्चीत बसून केले नाही. आइसलंडच्या कथांसाठी त्याने एरिकूर मॅग्नुसन या आइसलंडी विद्वानापाशी बसून ती भाषा शिकून घेतली, त्याच्या साह्याने 'ग्रेटिस सागा' १८६९ साली व 'व्होल्सुंग सागा' १८७० साली इंग्रजीत आणले, आणि १८७१ व १८७३ या दोन वर्षी त्या ओसाड बेटाचा घोड्यावरून प्रवास केला. त्याच्या कथांतील डोंगर, खिंडी व नद्या कल्पित असूनही खोट्या वाटत नाहीत, याचे एक कारण या प्रवासात आहे.

आता लेखनाकडे वळू. मॉरिसच्या पहिल्या अद्भुतकथा १८५६ साली 'ऑक्सफर्ड अँड केंब्रिज मॅगझिन' या मासिकात आल्या. त्या मासिकाचा खर्च तोच सोशीत होता, आणि बारा अंकांनंतर ते बंद पडले. म्हणजे आरंभीही तो स्वतःच्याच पैशाने छापला गेला आणि अखेरीसही. परंतु या दोहोंत मोठे अंतर आहे. बावीस वर्षांच्या मॉरिसचे स्वातंत्र्य हे वारशाने आलेले होते. वडिलांनी डेव्हनमधील तांब्याच्या खाणीत भाग घेतले होते व त्यांचे उत्पन्न मुलाला मिळत होते. साठीकडे झुकलेल्या मॉरिसचे स्वातंत्र्य मात्र त्याने कष्टाने संपादन केलेले होते.

१८८८ च्या नोव्हेंबरात एमरी वॉकर याने लंडनमध्ये मुद्रणकलेवर व्याख्यान दिले व जुन्या ग्रंथांतील अक्षरांची चित्रे दिव्याच्या साह्याने पडद्यावर मोठी करून दाखविली. मॉरिस श्रोत्यांत होता, आणि आपणही अक्षरे काढावी असे त्याने त्या रात्री मनात घेतले. पंधराव्या शतकातील व्हेनिसच्या जेन्सनची अक्षरे छायाचित्रांनी मोठी करवून त्याने ती पुनःपुन्हा गिरविली, त्यांचा कित्ता अंगवळणी पडल्यावर स्वतःचे वळण निर्माण केले, केंटमधील बॅचेलर नावाच्या कारागिराकडून हाताने कागद करविला, आणि हॅमरस्मिथ येथे हातछापखाना मांडला. त्यास केल्मस्कॉट प्रेस असे नाव दिले. तेथून १८९१ साली निघालेले पहिले पुस्तक म्हणजे त्याचीच अद्भुतकथा, 'द स्टोरी ऑफ द ग्लिटरिंग प्लेन'. कागदावरच्या प्रती अवघ्या २००, आणि चर्मपत्रावर ६.

या स्वातंत्र्याने मॉरिसला मोकळे सोडले नाही, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. प्रकाशकाच्या ठिकाणी त्याने आपल्यावर कागद, शाई, अक्षर, समास आणि दोन समोरासमोरच्या पानांचा मेळ असे पाच-सहा कडक मालक आणून बसविले. त्याच्या सर्वांत मोठ्या अद्भुतकथेची छपाई १८९२ च्या अखेरीस सुरू झाली ती १८९६ च्या मार्चात संपली. मध्यंतरी एका चित्रकाराने काढलेली चित्रे पसंत न पडल्यामुळे ती बाजूस ठेवून बर्न-जोन्सची चार चित्रे घेण्यात आली. कोणत्याही व्यापारी प्रकाशकाने लेखकाला इतके ताटकळत ठेवले असते, तर लेखकाने त्याच्याशी भांडण केले असते.

त्या कथांचे अंतरंग काय? 'द वुड बियाँड द वर्ल्ड', म्हणजे 'जगापलीकडचे अरण्य', ही कथा १८९४ ची. वॉल्टर नावाचा व्यापाऱ्याचा मुलगा. बायको त्याचा द्वेष करते, म्हणून तो गलबतावर चढून घर सोडावयास निघतो. धक्क्यावर त्याला तीन आकृती दिसतात: एक कुरूप खुजा, पायात लोखंडी कडे असलेली एक दासी आणि एक तेजस्वी स्त्री. त्या दिसतात आणि नाहीशा होतात. पुढे वादळाने तो त्यांच्याच प्रदेशात जाऊन पडतो. शेवटी तो व ती दासी निसटून अशा एका नगरापाशी येतात, की जेथे राजा निपुत्रिक वारला म्हणजे खिंडीतून प्रथम येणाऱ्या परक्यास राजा करावयाचे. त्याच्यापुढे शांततेची वस्त्रे व युद्धाचे चिलखत ठेवतात. वॉल्टर झिजलेले चिलखत उचलतो आणि परीक्षेत उतरतो.

'द वेल ॲट द वर्ल्ड्स एंड', म्हणजे 'जगाच्या टोकाची विहीर', हा याहून पुष्कळ विस्तृत ग्रंथ. एका लहानशा राज्यातील चौघा राजपुत्रांपैकी धाकटा राल्फ घरातून पळतो आणि अर्सुला या युवतीसह त्या विहिरीपर्यंत पोहोचतो. वाटेत शुष्क वृक्षाखालचे विषारी तळे आहे. त्याच्या भोवती तेथवर आलेल्या आणि तेथेच मेलेल्या माणसांची प्रेते बसलेली आहेत. हे चित्र एकदा वाचल्यावर विसरत नाही. परंतु पाणी पिऊन झाल्यावर कथा संपत नाही. राल्फ आलेल्या वाटेने परत फिरतो, पूर्वी पाहिलेली गावे बदललेली पाहतो, आणि अखेर शत्रूंच्या हातून आपल्या गावाचे रक्षण करतो. दूर मिळविलेले बळ घरी आणून खर्च करावयाचे, हा त्या कथेचा गाभा आहे. आमच्या साहित्यशास्त्राने अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय हा सांगितला. मॉरिसचा विस्मय जादूटोण्यापेक्षा वाटेवरच्या खाणावळीत, बाजारात, कुरणांत आणि घराच्या उंबरठ्यात अधिक आहे.

'जगापलीकडचे अरण्य' या कथेवर 'स्पेक्टेटर' पत्राने अभिप्राय लिहिताना तिच्यात भांडवल व श्रम यांचे रूपक शोधून काढले. मॉरिसने १८९५ साली पत्र पाठवून ते साफ नाकारले: ही निव्वळ गोष्ट आहे, सामाजिक प्रश्नांवर बोलावयाचे असेल तेव्हा मी उघडच बोलतो, असा त्याचा आशय होता. हे उत्तर फार मोलाचे आहे. ज्याने चौकाचौकांत उभे राहून समाजवाद सांगितला त्यानेच कथेला प्रचाराच्या दावणीला बांधण्याचे नाकारले. अद्भुतकथेला 'तात्पर्य' चिकटविल्यावाचून ज्यांना चैन पडत नाही, अशा टीकाकारांनी हे ध्यानात ठेवावे.

दोषही सांगितले पाहिजेत. पहिला भाषेचा. मॉरिस जुने सॅक्सन वळणाचे शब्द वेचून वेचून वापरतो. आज एखाद्या मराठी कादंबरीकाराने सबंध कादंबरी बखरीच्या भाषेत लिहावी, तसा हा प्रकार. पन्नास पानांनंतर कान सरावतो आणि त्या भाषेची संथ लय गोड वाटू लागते. पण ते पन्नास पानांचे जकातनाके ओलांडण्यापूर्वीच पुष्कळ वाचक माघारी फिरतात. एखादा परखड संपादक असता तर त्याने येथे निश्चित बोट ठेवले असते. दुसरा दोष पात्रांचा. त्याचे नायक देखणे, शूर आणि एकमेकांसारखे आहेत. नायिका अधिक जिवंत असतात, विशेषतः मृत्यूनंतर १८९७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द वॉटर ऑफ द वंडरस आइल्स' मधील बर्डअलोन. चेटकिणीने तान्हेपणी पळविलेली ही मुलगी स्वतःच्या बळावर सुटते आणि एका कारागिरांच्या नगरात कशिद्याच्या कामावर पोट भरते. जादूच्या कथेत नायिकेने हातच्या कलेवर सन्मानाने जगावे, हे मॉरिसलाच सुचावे.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. कला सर्वांसाठी असावी असे सांगणाऱ्या या समाजवाद्याची पुस्तके श्रीमंतांनाच घेता येत. केल्मस्कॉटच्या चॉसरची किंमत २० पौंड होती. अद्भुतकथांच्या साध्या, स्वस्त आवृत्त्या इतर प्रकाशकांनी काढल्या हे खरे. परंतु त्यामुळे विसंगती नाहीशी होत नाही. ज्या स्वातंत्र्याची येथे स्तुती चालली आहे त्याच्या पाठीशी एका यशस्वी कारखानदाराची मिळकत होती. ती नसती तर मॉरिसला चार वर्षे एका पुस्तकाची वाट पाहता आली नसती.

तथापि या कथांचा वंश वाढला. १९१४ साली त्याच एक्झिटर कॉलेजातील एका विद्यार्थ्याने पारितोषिकाच्या पैशातून मॉरिसचे ग्रंथ विकत घेतले, आणि 'कालेवाला'तील एक आख्यान मॉरिसच्या धर्तीवर गद्यपद्यात लिहावयास घेतले. तो विद्यार्थी टॉल्किन. त्याचा मित्र सी. एस. लुइस हाही तरुणपणापासून मॉरिसचा भक्त होता, आणि १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधसंग्रहात त्याने मॉरिसची बाजू आवेशाने मांडली. १९६९ पासून अमेरिकेत बॅलंटाइनच्या स्वस्त मालेत या कथा पुन्हा निघाल्या, तेव्हा ज्यांच्या हाती त्या मूळ कर्त्याच्या हयातीत कधीच पडल्या नसत्या, अशा वाचकांपर्यंत त्या गेल्या.

१८९६ च्या सप्टेंबरात, मृत्यूस महिनाही उरला नसताना, 'द संडरिंग फ्लड' या कथेचा शेवट मॉरिसने अंथरुणावरून सांगून लिहविला. दुस्तर नदीच्या दोन तीरांवर वाढलेल्या प्रियकर-प्रेयसीची ती गोष्ट. तिला त्या कल्पित प्रदेशाचा नकाशाही जोडलेला आहे. ती कोणी मागितली नव्हती, तिच्यासाठी कोणी अडून बसलेले नव्हते. लिहिणाऱ्याला ती पुरी करावयाची होती, एवढेच.

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर यातच आहे असे मला वाटते. प्रकाशकापासून सुटका झाल्याने लेखक स्वतंत्र होतो हे खरे, पण त्या रिकाम्या जागी त्याने काय आणून बसविले यावर त्या स्वातंत्र्याचे मोल ठरते. मॉरिसने तेथे चाळीस वर्षांचे वाचन आणि हातांचा कठोर अभ्यास आणून बसविला. जेथे तो टोकणारा कोणी ऐकत नव्हता, तेथे त्याची भाषा अवघड झाली. जेथे त्याने स्वतःवर कारागिराची शिस्त लादून घेतली, तेथे त्याचे काम टिकले. आज आपले पुस्तक आपणच काढणाऱ्या तरुण लेखकांपाशी मॉरिसची मिळकत नसेल, परंतु ते वाचन आणि ती चिकाटी पैशाने विकत मिळत नाही.

ज्यांस या कथांची ओळख करून घ्यावयाची असेल त्यांनी 'जगापलीकडचे अरण्य' यापासून आरंभ करावा. ती लहान आहे, आणि भाषेची सवय होईपर्यंत वाचकाला धरून ठेवण्याइतकी तिची गोष्ट वेधक आहे.