मोत्यांचा गालिचा: किमतीपलीकडे पाहायचं तर

आपल्या बैठकीत मोत्यांच्या गालिच्याचा विषय निघाला की दोन वाक्यं ठरलेली. 'बडोद्याचा ठेवा परदेशी गेला' आणि 'पंचावन्न लाख डॉलरला गेला'. दोन्ही खरी आहेत. मार्च २००९ मध्ये दोह्यातल्या लिलावात त्याला जवळपास तेवढीच किंमत आली. पण गालिचा म्हणून तो आहे कसा, हे कुणी विचारत नाही. मीही कधी विचारलं नव्हतं. मुलाकडे दोह्याला गेलो असताना कतारच्या राष्ट्रीय संग्रहालयात तो पाहिला, तेव्हापासून हे लिहायचं मनात होतं.

खंडेराव महाराजांनी १८६५ च्या सुमारास तो करवून घेतला. लांबी सुमारे साडेआठ फूट, रुंदी पावणेसहा फूट. खाली हरणाचं मऊ कातडं आणि रेशीम, वर अंदाजे पंधरा लाख बारीक मोती. म्हणजे हे विणकाम नव्हे, भरतकाम. नावात 'गालिचा' असल्यामुळे आपण इथेच फसतो. विणलेल्या गालिच्यात गाठीगाठीतून रेघ उमटते. इथे ती एकेक मोती सुईने टाचून काढायची, आणि मोती गोल, त्याला धार नाही. त्यामुळे नुसत्या मोत्यांत काढलेली वेल पसरट दिसली असती. कारागिरांनी काय केलं, तर लाल-निळे काचमणी वापरून वेलीला कड दिली. हे मणी विलायती. इराणी-मोगल वळणाची वेल, आखाती मोती, इंग्रजी काच आणि हिंदुस्थानी सुई, सगळं एका वीतभर जागेत. जितकं जवळ जाता येतं तितकं जाऊन पाहावं, कारण लांबून मोती दिसतच नाहीत. दिसते ती दुधावरच्या सायीसारखी पिवळसर जमीन.

मधली हिऱ्यांची तीन चक्राकार फुलं मला तेवढी पटली नाहीत. सोन्या-चांदीच्या कोंदणातले ते सपाट हिरे म्हणजे दागिनाच आणून गालिच्यावर ठेवल्यासारखे वाटतात. नजर वेलीवरून सरकत जाते आणि तिथे ठेचकाळते. चांदीच्या तोफा ओतून घेणाऱ्या राजाला मोत्यांवर समाधान कसं वाटावं! पण ती झाकून पाहिली (मी हात आडवा धरून पाहिलं, पहारेकरी हसला) तर उरलेलं काम फार शांत आहे.

या मोत्यांना आपल्याकडे बसराई म्हणतात. प्रत्यक्षात ते बहरीन-कतारच्या किनाऱ्याजवळच्या उथळ समुद्रातले; बसरा हे व्यापाराचं नाव. उन्हाळ्याच्या हंगामात पाणबुडे पायाला दगड बांधून, नाकाला चिमटा लावून तळाशी जात. बरेचजण गलबताच्या नाखव्याच्या उचलीखाली दबलेले, हंगाम संपला तरी कर्ज संपत नसे. माल मुंबईला यायचा, तिथे निवडला-विंधला जायचा आणि मग राजवाड्यांकडे नाहीतर युरोपकडे. गालिच्यावरच्या प्रत्येक मोत्याला भोक आहे. पंधरा लाख भोकं! पुढे जपानी संवर्धित मोती बाजारात आले आणि १९३० च्या आसपास आखातातला तो धंदाच बसला.

आता मदिनेची गोष्ट. पैगंबरांच्या कबरीवर घालण्यासाठी महाराजांनी हे काम करवलं, १८७० मध्ये ते वारले आणि भेट राहून गेली, असं सांगतात. आपल्या व्याख्यानांत ही गोष्ट सहिष्णुतेच्या दाखल्यासारखी येते. मला ती आवडते, पण गालिच्याचं सगळं मोल तिच्यावर टांगणं बरं नाही. हेतू महाराजांच्या मनातला, तो गेला त्यांच्याबरोबर. गालिचा मात्र बडोद्यातच राहिला आणि १९०२-०३ च्या दिल्ली दरबाराच्या प्रदर्शनात संस्थानाच्या वैभवाचा नमुना म्हणून मिरवला. एकच वस्तू, आधी नवसाची आणि मग दिमाखाची. भेट म्हणून योजलेलं संग्रहात गेलं की असं होतं. पुढे सीतादेवींबरोबर तो मोनॅकोला गेला हे आपण चवीने सांगतो. मधला हा बदल कुणी सांगत नाही. याच संचातला मोत्यांचा गोल चांदवा २०१९ मध्ये न्यूयॉर्कला विकला गेला, त्याबद्दल तर आपल्याकडे बोलणंही झालं नाही.

संग्रहालयातून निघताना मुलगा म्हणाला, "बाबा, हा आपलाच ना?" मी लगेच हो म्हणालो. गाडीत बसल्यावर वाटलं, शेजारी उभा असलेला कतारी आजोबा नातवाला तेच सांगत असणार. त्याच्या घरातलं कुणी पाण्यात उतरलेलं असेल. माझ्या घरातलं कुणी त्या सुईला हात लावलेलं नाही, आम्ही फडणिशीतले!

पुढच्या वारसा-फेरीत राजवाड्यासमोर उभं राहून किमतीचा आकडा सांगण्याऐवजी गालिच्याच्या एका कोपऱ्याचा मोठा फोटो दाखवावा, अशी माझी सूचना आहे. फोटो मी छापून आणतो.